अंड्यातलं अंडं

अंडं कधीही थेट पिठात फोडायचं नाही, आधी वाटीत फोडून बघायचं, हा आमच्या आईचा नियम. मी घरी केक करून विकते आणि घाईत हा नियम बऱ्याचदा गुंडाळून ठेवते. त्या दिवशी सकाळी तो पाळला, म्हणून निदान पीठ तरी वाचलं.

कोपऱ्यावरच्या दुकानातून मोठ्या अंड्यांचा डबा आणला होता. मोठी म्हणजे दोन बलकांची, असं डब्यावर ठळक छापलेलं. पहिलं फोडलं तर वाटीत टक्क आवाज झाला. बलकाशेजारी अजून एक अंडं पडलं होतं. लहानसं, पण कवचासकट अख्खं.

मला आधी रागच आला. पैसे दोन बलकांचे घेता आणि देता हे काय, म्हणून दुकानदाराला चार शब्द सुनवायला मी ओढणीसुद्धा घेतली. मग म्हटलं, पुराव्याला अजून एक असू द्यावं. दुसऱ्यातही तेच निघालं. तिसरं कानाशी धरून हलवलं, तर आत काहीतरी कवचावर आपटत होतं. मी ते हळूच डब्यात परत ठेवलं. राग कुठल्या कुठे गेला होता.

डबा टेकडीपलीकडच्या कोंबड्यांच्या शेडमधून आला होता. तिथे माझा धाकटा भाऊ काम करतो. घरात त्याला बारक्या म्हणतात, आता दारातून वाकून आत येतो तरीसुद्धा. नुकताच तो मुकादम झाला होता, आणि तोही याच अंड्यांमुळे. त्याच्या शेडमध्ये मोठी अंडी अचानक वाढली, मालकाने सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि तेव्हापासून स्वारी जमिनीपासून चार बोटं वर. सरकत्या पट्ट्यावरून अंडी येतात, त्यातली मोठी नुसती नजरेने वेचून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतात. उजेडावर धरून बघायची तसदी कोणी घेत नाही. मोठं म्हणजे दोन बलकांचं, हे सगळे धरूनच चालतात.

आई खिडकीशी मटार सोलत बसली होती. लग्नाआधी तिच्या घरी कोंबड्या होत्या. मी ते लहान अंडं तिच्यापुढे धरलं, वाटलं हसेल. ती हसली नाही.

"कोंबडी जोरात दचकली की उतरायला आलेलं अंडं मागे फिरतं," ती म्हणाली. "मग त्याच्यावर दुसरं चढतं. आमच्याकडे खुराड्यात कुत्रं शिरलं होतं, तेव्हा झालं होतं असं. एकदाच."

मग तिने डब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढ्या कोंबड्या रोज कशाला दचकतायत गं?"

मी बारक्याला फोन लावला. त्याने माझी यथेच्छ टिंगल केली. म्हणाला, ताई, तू केक कर, कोंबड्या मी बघतो. कुत्रं नाही, मांजर नाही, कसला आवाजही नाही. त्रास एकच, शेडचं दार हल्ली घट्ट बसतं, ते त्याने दोनदा घासून घेतलं. आणि जमिनीला भेग गेली होती, तीही सिमेंटने भरली. त्याला हे सांगताना आपण किती कामाचे आहोत याचाच अभिमान होता.

दार आणि भेग ऐकून माझं लक्ष मात्र जमिनीखाली गेलं. त्या शेडखाली जुनी खाण आहे. ती केव्हाच भरून टाकली, असं सगळे सांगतात. आमचे वडील त्याच खाणीत कामाला होते. ते म्हणायचे, भरली कसली, तोंड तेवढं बुजवलं.

मी केक तसाच टाकला आणि मिळेल ती बस पकडून निघाले.

पोचले तेव्हा माणसं जेवायला गेली होती. बारक्या एकटाच पट्ट्याशी उभा होता. मला बघून खूश झाला आणि मोठ्या अंड्यांचा भरलेला ट्रे उचलून दाखवायला लागला. मी खाली बघत होते. सिमेंट भरलेल्या भेगेच्या बाजूला नवी भेग होती, बोट जाईल एवढी. कोंबड्यांचा कलकलाट इतका होता की ओरडून बोलावं लागत होतं.

आणि एकदम तो कलकलाट थांबला. सगळ्या कोंबड्या उठून उभ्या राहिल्या, माना ताठ करून. मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

"असंच करतात गं," बारक्या म्हणाला. "थोड्या वेळाने होतात परत सुरू."

"कधीपासून करतात?"

त्याने जरा आठवून पाहिलं. "मोठी अंडी यायला लागली, त्याच सुमाराला."

मी ऐकत होते आणि मला कळत होतं की याला समजावत बसले तर हा इथेच उभा राहून माझ्याशी वाद घालेल. लहानपणापासून ओळखते त्याला. म्हणून मी धडधडीत खोटं बोलले. आई पडली, म्हटलं, आत्ताच्या आत्ता चल. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो हातातल्या ट्रेसकट माझ्यामागे धावत बाहेर आला. इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

फाटकापाशी तो थांबला. ट्रे माझ्या हातात दिला.

"पट्टा चालूच राहिला, ताई. सगळी अंडी खाली पडतील. आलोच."

मी नको म्हणेपर्यंत तो निम्म्यात पोचला होता. आई पडली नाही, मी खोटं बोलले, असं मी ओरडले. त्याने मागे न बघता हात हलवला, दाराला खांदा लावून ते ढकललं आणि आत गेला. दार त्याच्यामागे घट्ट बसलं.

तेवढ्यात ट्रेमधली अंडी किणकिणायला लागली. मला वाटलं, माझेच हात थरथरतायत. म्हणून मी ट्रे जमिनीवर ठेवला आणि हात मागे घेतले.

अंडी किणकिणतच राहिली.