भिंतीची ऊब

"अहो, तुमच्या केळीला फूल आलंय. गुलाबी."

"गुलाबी येणारच नाही," मीटरकाका वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले. "पिवळसर असेल. नीट बघ."

"मग माझेच डोळे गुलाबी झाले असतील," असं म्हणून काकू आत गेल्या.

पाणीखात्यात एकतीस वर्षं घरोघरच्या मीटरचे आकडे टिपले म्हणून काकांना हे नाव पडलं होतं. त्याबरोबर एक खोडही जडली होती. आपण वाचलेलं चुकू शकतं, हे त्यांना कधी पटलंच नाही. नऊ वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणलेल्या केळीची जातही त्यांनी अशीच एका नजरेत वाचली होती. थंडीची केळ! वरचं सगळं गारठून गेलं तरी थंडी सरल्यावर कंदातून पुन्हा फुटणारी, पेंढा-गोणपाटाचे लाड न लागणारी. पुस्तकात ती दोन पुरुष उंच होते असं लिहिलेलं. काकांची त्यांच्या डोक्याच्या वर गेली नाही, तर दोष मातीचा. पानाची मधली शीर खालून लालसर, तर तो गारठ्याचा रंग. दर हिवाळ्याआधी ते तिला जमिनीलगत छाटत आणि हिवाळा संपला की ती फुटे. आणखी काय पुरावा हवा?

गेल्या वर्षी मात्र गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे छाटणी राहिली. बुंधा उभाच राहिला, आणि आता काका काठी टेकत अंगणात गेले तर त्याच्या शेंड्यात केळफूल होतं. चांगलं गुलाबी. आभाळाकडे तोंड करून ताठ उभं. थंडीच्या केळीचं फूल पिवळसर असतं आणि खाली लवतं, हे काकांनीच गल्लीतल्या निम्म्या लोकांना ऐकवलं होतं. फुलाखालची बोटभर केळीही गुलाबी, मखमलीसारखी लव असलेली. म्हणजे ही शोभेची जात. मुळांवर जाड पांघरूण नसेल तर कडाक्यात कंदासकट जाणारी.

मग नऊ वर्षं जगली कशी? बुंध्याशी बसून ते बघत राहिले. उठताना गुडघ्यानं दगा दिला, म्हणून त्यांनी मागच्या भिंतीवर हात टेकला. भिंत कोमट होती. पलीकडे बेकरीची भट्टी. नऊ हिवाळे बेकरीचं मांजर याच भिंतीला चिकटून झोपत आलं होतं. मांजराला कळलं ते काकांना कळलं नव्हतं.

एरवी त्यांना स्वतःचंच हसू आलं असतं. पण त्यांना थोरल्या वहिनी आठवल्या.

बुंध्याशी फुटलेला पहिला मुनवा, म्हणजे कोवळं पिल्लू, त्यांनी मोठ्या मानानं वहिनींना दिला होता. तो पहिल्याच हिवाळ्यात मेला. पुढच्या वर्षी दुसरा दिला, तोही मेला. मग पुतणीच्या वाढदिवसाला, भरल्या घरात काका म्हणाले होते, "न मरणारी केळ मारून दाखवली आमच्या वहिनींनी! हाताला गुणच नाही." सगळे हसले. वहिनीही हसल्या. महिन्याभरात त्यांनी कुंड्या वाटून टाकल्या आणि अंगणभर फरशी घातली. पुढे दादा आजारी पडले आणि गेले, तेव्हा त्या काकूंना एवढंच म्हणाल्या, "माझ्या हाताला गुणच नाही गं." काकूंनी ते काकांच्या कानावर घातलं होतं. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

त्यांनी फूल कापलं.

"वहिनींना फोन करा की," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी फार चालायला नको म्हटलंय ना?"

"फोनवर बोलायचं नाही हे."

दोन गल्ल्या चालायला त्यांना अर्धा तास लागला. वहिनींनी दार उघडलं. "भाऊजी? या पायानं आलात? बसा आधी."

काका अंगणातच उभे राहिले. "वहिनी, मी दिलेली ती केळ थंडीची नव्हतीच. मी जात चुकीची ओळखली. माझी जगली ती बेकरीच्या भट्टीवर. तुमच्याकडे उघड्यावर ती कुणाच्याच हातून जगली नसती. आणि वर मी तुम्हाला चारचौघांत बोललो."

वहिनींनी फूल हातात घेतलं.

"मी झाकायची तिला," त्या म्हणाल्या. "तुम्ही लाड करू नका म्हणाला होतात. तरी रात्री यांचा जुना कोट घालायची वरून. सकाळी तुमची फेरी इकडून असायची, तुम्ही हसाल म्हणून उजाडायच्या आत काढून ठेवायची."

काकांना फार लाज वाटली.

"म्हणजे मी नाही मारली."

"नाही वहिनी. तुम्ही नाही."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले. मग एकदम विचारलं, "या गुलाबीला काय काय लागतं?"

"पेंढा लागतो मुळाशी. वरून गोणपाट. एखादं जुनं जाड कापड असलं तर..."

"कोट आहे," वहिनी म्हणाल्या.

त्या आत गेल्या आणि गंजलेलं खुरपं घेऊन आल्या. काका पायरीवर पाय लांब करून बसले. वहिनी अंगणात वाकल्या आणि खुरप्याच्या मुठीनं एकेक फरशी ठोकत, कुठली पोकळ वाजते ते कान देऊन ऐकू लागल्या.