राखणदाराची रजा

माझ्या चुलतभावाला विमानाची फिकीर नव्हती, नारळाची होती. सामान गाडीत भरून झालं, माझी लेक ईशानी मागच्या सीटवर एसीसाठी कुरकुर करून थकली, आणि नागेशदादा आपला फार्मच्या टोकाला घाफच्या झाडाखाली जागा झाडत बसलेला. घाफ म्हणजे आपली शमीच.

"दादा, चल ना आता! दुबईला पोचायला दोन तास, वर ट्रॅफिक."

"राखणदाराक सांगल्याशिवाय कसो येव?"

कोकणात प्रत्येक जमिनीला न दिसणारा राखणदार असतो. कुदळ घालण्याआधी त्याला विचारायचं, सोडून जाताना त्याची रजा घ्यायची. अल ऐनच्या पुढच्या या वाळूत आला, तेव्हा पहिल्याच दिवशी दादाने इथल्या राखणदारापुढे नारळ ठेवला होता. अरबाब, म्हणजे त्याचा मालक, हसून "यल्ला, सुरू कर" म्हणाला होता. मग बोअर खणली, खजूर लावले, काकडी, मेथी, बकऱ्या. हिरवंगार केलं माझ्या भावाने. आता बोअर खारी झाली. खजूर वाळले, बकऱ्या विकल्या, अरबाबने फार्म बंद केला. दादाचा व्हिसा खलास.

ईशानी कंटाळून खाली उतरली. तिच्या शाळेत अमेरिकेचा इतिहास चालू आहे. शिकवते मीच, त्यामुळे घरीही सुटका नाही. सोन्यासाठी डोंगर पोखरणारे, गुरांचे कळप हाकणारे, गवताळ रान नांगरून गहू पेरणारे, असे सगळे पश्चिमेकडे निघालेले लोक. हा माझा लाडका धडा.

"मामा, यू नो, तिथे फाइव्ह इयर्स शेती केली की लँड तुमची व्हायची," ती म्हणाली. "सो धिस इज युअर्स!"

दादा हसला. "आणि आधी कोणाची होती?"

"नोबडीज. इट वॉज एम्प्टी."

"मोकळी जमीन नसता गो बाय. आपण इचारूक नाय, एवढाच."

ईशानीने माझ्याकडे बघितलं. पुस्तकात तिथल्या मूळ रहिवाशांना अर्धं पान आहे आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही. मी घड्याळाकडे बघितलं.

दादाने नारळ ठेवला, हात जोडले आणि म्हणाला, "विभा, तू हयसर उभी रव. साद घाल."

गाऱ्हाण्याला, म्हणजे देवापुढच्या मोठ्याने केलेल्या विनवणीला, साद लागते. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. साद नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही, असं दादा मानतो. इतकी वर्षं त्याच्याबरोबर राबणारा पेशावरचा मुझम्मिल साद घालायचा. त्याला ते शब्द यायचे नाहीत, म्हणून तो "आमीन" म्हणायचा. राखणदाराने कधी तक्रार केली नाही. गेल्या महिन्यात मुझम्मिलही घरी गेला.

मी देवाधर्मातली नाही. पण दोन वाक्यांत सुटका होणार असेल तर होऊ दे, म्हणून उभी राहिले.

"बा राखणदारा म्हाराजा! आमी परमुलखातली माणसा, तुका इचारून हयसर इलंव..."

"व्हय म्हाराजा," मी उरकून टाकलं.

"तुझा गोडा पाणी आमी उपसला. पुरवून वापरूक नाय. तुका खारो करून आमी चललंव..."

आणि तो थांबला.

मला वाटलं होतं, दादा आशीर्वाद मागेल, सुखरूप पोचव म्हणेल. हा तर कबूल करत होता. तेही 'आमी' म्हणून. दर शुक्रवारी तो मेथीची जुडी घेऊन माझ्या दारात यायचा. किती कौतुकाने मी मैत्रिणींना सांगायचे, वाळवंटातली मेथी आहे, खाऊन बघा! त्या मेथीला कुठलं पाणी घातलंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं, पण माझी जीभ उचलेना. दादा हात जोडून सादेची वाट बघत राहिला. त्याने मागे वळून बघितलं नाही. विमान चुकलं असतं तरी तो तिथून हलला नसता.

त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी हळू.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले आणि रडायला लागले.

दादाने बाटलीत उरलेलं पिण्याचं पाणी घाफच्या मुळाशी ओतलं आणि गाडीत येऊन बसला.