कीबोर्डला ठाऊक असलेली एक ओळ

मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्यावरचं 'a' केव्हाच पुसलं गेलंय, पण बोटांना ते अजून सापडतं. मित्रांनो, उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये हिंदुराव सरांच्या क्लासमध्ये माझं आयुष्य गेलं. सर जावा ही संगणकाची भाषा शिकवत. दसऱ्याला मला झेंडूचं फूल मिळे आणि दर शनिवारी माझ्यावर सरांनी स्वतः प्रोग्राम लिहून बनवलेली चाचणी होई. ॲपलेट, म्हणजे वेबपानात चालणारा छोटा जावा प्रोग्राम, सुरू होताना आधी कोणती मेथड चालते, असे दहा प्रश्न. उत्तराचं एक अक्षर दाबायचं, मग एंटर.

पण कुणालाच चारच्या वर गुण मिळत नसत. एक उत्तर दिलं की पुढचे दोन प्रश्न आपोआप सरकत आणि चूक धरले जात. मुलं एंटरवर बोट दाबून बसतात, असं सरांचं म्हणणं.

एका शनिवारी त्यांची मुलगी अक्षदा भर वर्गात म्हणाली, "पप्पा, चूक आमची नाही. एका एंटरची दोन अक्षरं जातात, तुमचा प्रोग्राम त्यांनाही उत्तरं समजतो."

"आधी चाराचे पाच कर, मग मला शिकव."

वर्ग हसला. अक्षदा पुन्हा क्लासला आली नाही. पुढे ती बदलापूरला राहायला गेली. बापलेकीचं बोलणं होई. जावाबद्दल मात्र कधीच नाही.

ॲपलेट मागे पडले, मुलं कमी झाली, माझ्यावर धूळ बसली. गेल्या महिन्यात सर गेले.

काल अक्षदा खोली रिकामी करायला आली. भंगारवाला भूपेश टेम्पो लावून दारात उभा होता. अजूनही चारच पडतात का, एवढंच तिला पाहायचं होतं. तिने चाचणी सुरू केली. a, मग एंटर. दुसरा प्रश्न आला आणि तिची वाट पाहत थांबला.

तिने प्रोग्राम उघडला. उत्तर वाचणाऱ्या ओळीखाली सरांनी रोमन अक्षरांत लिहून ठेवलं होतं: 'अक्षदा बरोबर होती. एंटर सोडून दे.' तारीख त्याच शनिवारची.

मग तिने चाचणी पुरी केली. दहापैकी नऊ.

"मॅडम, ये भी डालू क्या? प्लास्टिकच आहे," भूपेशने मला उचलत विचारलं.

"नको. तो माझ्याबरोबर येतोय."

मित्रांनो, ती ओळ माझ्यावरच टाइप झाली होती. इतकी वर्षं मला ठाऊक होती, पण मला तोंड नव्हतं. सरांना होतं. जुन्या वस्तू जपाच. पण चूक दुरुस्त केलीत, तर ती दाखवणाऱ्याला वेळेत तसं सांगा.