वाऱ्याचं टेक्स्चर

वहिनीला आमच्या गेम बनवणाऱ्या स्टुडिओत आणलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरचं धुणंच ऑफिसात आणलंय. एकेकाळी कॉम्प्युटरवर लाकूड, दगड, भिंती रंगवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग मुलं झाली आणि काम सुटलं ते सुटलंच. "मला माझं काम परत हवंय गं," ती एक दिवस म्हणाली. मी साहेबांच्या मागे लागून एका कामापुरती संधी मिळवली. जमलं तर कायम, नाहीतर नारळ.

काम होतं नव्या गेममधला गवताळ माळ रंगवायचं. साहेब दुपारी बघणार होते. सकाळी मी सुरू करून पाहिलं, तर अख्खा माळ एकाच बाजूला आडवा! एक पातं हलेल तर शपथ.

"वहिनी, काय केलंस?"

"काही नाही गं. गवताच्या एका टेक्स्चरवर लाल-पिवळे डाग पडले होते. छान हिरवंगार करून ठेवलं."

माझं डोकंच फिरलं. "अगं, ते डाग नव्हते, वारा होता तो!"

तिच्या काळी टेक्स्चर म्हणजे वस्तूवर चिकटवायचं चित्र. आता आम्ही त्यात काय वाटेल ते कोंबतो आणि नाव मात्र तेच ठेवतो. या चित्रातला प्रत्येक रंग म्हणजे वाऱ्याची दिशा. सगळं हिरवं केल्यावर गवत बिचारं एकीकडेच झोपणार. वहिनीचा चेहरा पार उतरला. मी चरफडत बॅकअपमधली जुनी फाइल शोधू लागले.

"थांब जरा," ती म्हणाली. "म्हणजे मी रंग लावीन तसा वारा वाहील?"

"हो, पण..."

तिने पेन उचललं. जेवायलाही उठली नाही.

साहेब आले. स्क्रीनवर वारा झाडापाशी दुभंगला, खडकामागे थबकला, उतारावरून सुसाट निघाला. जुन्या फाइलमध्ये तो नुसता इकडून तिकडे जायचा.

"हे कुठल्या प्रोग्रॅमने केलं?"

"हाताने," वहिनी म्हणाली.

साहेबांनी ते पुन्हा पाहिलं. "आता समुद्र घ्या," एवढंच म्हणून ते गेले. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

वहिनीने दादाला फोन लावला. "अहो, आजपासून संध्याकाळचा कुकर तुम्ही लावायचा. मला लाटा रंगवायच्यात."