दगडावरचं साल

टीव्हीवर जिम्नॅस्टिक्समधल्या बीमची अंतिम फेरी लागली की मी आवाज बंद करते. पूर्वी मला तो आवाजच हवा असायचा. पोरीचे अनवाणी पाय लाकडावर टेकताना होणारा धप्प आवाज ऐकला की ती नीट उतरली की डगमगली, हे मी डोळे मिटूनही सांगायचे. आता त्या आवाजात मला टाचेच्या हाडाला बसणारा मार ऐकू येतो, म्हणून नको वाटतो.

बीम म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरची पाच मीटर लांब पट्टी, रुंदीला माझ्या तळहाताएवढी. आता तिच्यावर पंचवीस-तीस वर्षांच्या बाया चढतात. दंड भरलेले, मांड्या भरलेल्या, एखादीचं मूल प्रेक्षकांत बसून खाऊ खात असतं. पडल्या तर उठतात, हाताला खडू लावतात, चक्क हसतात. गुणांचंही आता काही कळत नाही, बाजारातल्या भाजीसारखी बेरीज चाललेली असते. तरी मी बघते. सत्तावन्न वर्षं बघतेय, आता ऐंशीव्या वर्षी काय सोडणार? पण बघून झाल्यावर एकच आठवतं: आमच्या पोरी या वयाच्या झाल्या तेव्हा जिने चढू शकत नव्हत्या.

ओतिलिया मे महिन्यात आली तेव्हा मी तिला आधी ऐकलं, मग पाहिलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, मी तिसऱ्या मजल्यावर राहते. एक पाऊल, थांबणं, कठड्याची करकर, दुसरं पाऊल. ती जिना आडवी होऊन चढते, खेकड्यासारखी. मी दार उघडून उभी राहिले.

"खाली उतरू नका हं मावशी, मला उचलून न्यायला," ती खालून ओरडली. "दोघी गडगडत जाऊ."

"मी कशाला उतरते? तुझ्या आईला कैकदा सांगितलं होतं, पोरीला बुद्धिबळ शिकव म्हणून."

"खोटं! तुम्हीच पहिल्यांदा जिम्नॅशियमात नेलंत मला. आईला तर वाटलं होतं, मला दाताच्या डॉक्टरकडे नेताय."

ते मात्र खरं होतं. ती सहा वर्षांची होती. तिची आई सावेता माझ्या शेजारच्या दारात राहायची, खाणीच्या कँटीनमध्ये कामाला होती. मी नगरपालिकेत जन्ममृत्यूची नोंद करायचे. सावेताकडे पोरगी होती आणि माझ्याकडे टीव्ही. मोठी स्पर्धा असली की अख्खा जिना माझ्या खोलीत बसायचा.

आता ओतिलिया इटलीत लहान मुलांना कोलांट्या शिकवते. आईला जाऊन सात वर्षं झाली, त्या प्रार्थनेसाठी ती गावी आली होती. तिने टेबलावर कॉफीचं पाकीट ठेवलं आणि कोट न काढताच म्हणाली, "मावशी, एक काम आहे. नाही म्हणालात तरी मी तासभर बसणारच आहे, पाय दुखतायत."

आमच्याकडे माणसं जिवंतपणीच आपल्या थडग्यावरचा क्रॉस करून ठेवतात. नाव कोरायचं, जन्मसाल कोरायचं आणि पुढची जागा रिकामी ठेवायची. सावेताने नवरा खाणीत मेला तेव्हाच तिघांचा मिळून मोठा दगड घेतला होता. त्यावर नवऱ्याचं नाव झालं, तिचं झालं, आणि खाली ओतिलियासाठी जागा राहिली.

"फाने म्हणतो, दगडावर शेवाळ चढलंय, घासून देतो आणि तुझंही नाव टाकून घेतो," ओतिलिया म्हणाली. फाने म्हणजे आमचा दगड कोरणारा. "मी म्हटलं, टाक. तो म्हणाला, साल सांग. आणि मावशी, मला बोलताच येईना. सत्तावन्नाव्या वर्षात आहे मी. कागदावर एकोणसाठ पुरी. तेरा वर्षांची होते तेव्हापासून खोटं सांगतेय, पण दगडावर नाही सांगवत."

"मग खरं कोर. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. मला कागदही खरे हवेत. वकील म्हणतो, नोंदणी ज्यांनी केली त्यांनी लिहून दिलं तर कोर्टात होईल. ते तुम्हीच केलंत, हे मला केव्हाचं माहीत आहे. तुम्ही लिहून द्या."

शेगडीवर ठेवलेली कॉफी मी उतू जाऊ दिली. तीस वर्षांपूर्वी राजधानीतून एक पत्रकार याच प्रश्नासाठी आला होता. त्याला मी सांगितलं होतं की मला आठवत नाही. आणि मला तर तिचा तो एक मिनिट वीस सेकंदांचा खेळ तोंडपाठ आहे. चढली ती पायात झुळूक असल्यासारखी, मध्ये दोनदा मागे कोलांटी, एकदा किंचित हलली, डावा खांदा सावरला, आणि उतरली ती खिळा ठोकावा तशी. तिसरा नंबर. परदेशातली मोठी स्पर्धा, आणि आमच्या खाणीच्या गावची पोर. लोक खिडक्यांतून भांडी बडवत होते. त्या फोटोचं कात्रण अजून माझ्या स्वयंपाकघरात, देवाच्या तसबिरीशेजारी आहे. मी लिहून दिलं तर तो तिसरा नंबर राहणार नाही, हे मला कळत होतं. साऱ्या आयुष्यात माझं म्हणावं असं तेवढंच काहीतरी होतं, आणि तेही माझं नव्हतं.

"पदक जाईल," मी म्हटलं.

"जाईना का. इटलीत ते मोज्यांच्या खणात पडलंय." तिने कात्रणाकडे पाहिलं. "हे तुमचंच जास्त आहे, मावशी. म्हणूनच तुम्हाला विचारायला आले."

मी उतू गेलेली कॉफी पुसायला फडकं घेतलं. ती पाय चोळत बसली, मग अचानक म्हणाली, "एक गोष्ट मला कधी कळली नाही. त्यांना फक्त पंधरा वर्षं हवी होती. साल बदललं असतं तरी भागलं असतं. मी ऑक्टोबरची. तुम्ही फेब्रुवारी का केलंत? अकरा फेब्रुवारी कुठून आणली?"

चव्वेचाळीस वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते, आणि आला तेव्हा माझ्या हातात फडकं होतं. मी शेगडी पुसत राहिले. पाठ फिरवून बोलणं सोपं जातं.

"ती बनवलेली तारीख नाही," मी म्हटलं. "ती खरी आहे. तुझी नाही, इतकंच."

मग सांगितलं. प्रशिक्षक आणि जिल्ह्याचा एक माणूस कचेरीत आले. कुणी धमकावलं नाही. ते फक्त म्हणाले, पोर तयार आहे, पण नियमातलं वय वाढून पंधरा झालंय, अजून दोन वर्षं थांबलो तर अंग भरेल आणि गेलं सगळं. तेराव्या वर्षी ती एकतीस किलोची होती, त्यांना तशीच हवी होती. आम्हा बघणाऱ्यांनाही तशीच हवी होती, हे मी आज म्हणते, तेव्हा म्हणत नव्हते. नोंदवहीची पानं बांधलेली, आकडे घातलेली, त्यात खाडाखोड केली तर दिसली असती. मला त्याची गरजच नव्हती. सहासष्टच्या वहीत ओतिलिया हांगानु हे नाव आधीच होतं.

"सावेताची पहिली मुलगी," मी म्हटलं. "एकोणीस दिवस जगली. तुझ्या आजीचं नाव तिला दिलं होतं. दोन वर्षांनी तू झालीस तर आजी हटूनच बसली, नाव वाया नाही घालवायचं. म्हाताऱ्या बाया बडबडल्या, मेलेल्याचं नाव जित्याला देऊ नये. पण दिलं. तिच्या जन्माच्या पानावर मृत्यूचा शेरा मारायचा राहून गेला होता, माझ्याच हातून. म्हणजे कागदावर ती जिवंतच होती. मी त्या पानावरून तुझा दाखला उतरवला. अक्षर न अक्षर बरोबर."

बाहेर कुणीतरी गालिचा झोडत होतं. 

"कोलिवा," ती म्हणाली.

"काय?"

"प्रशिक्षण शिबिरात दर फेब्रुवारीत माझा वाढदिवस व्हायचा. बाकीच्या पोरींना घरून केक यायचे. आई कोलिवा पाठवायची. उकडलेला गहू, अक्रोड, वर साखरेचा क्रॉस. वाढदिवसाला मेलेल्यांचा गहू! पोरी म्हणायच्या, 'तुझी आई वेडी आहे का गं?' मी आईला विचारलं तर म्हणाली, आजीसाठी केला होता, उरला. दर वर्षी कसा उरतो? मी तो संडासात टाकायचे, मावशी. खाल्ला तर वजन वाढेल म्हणून."

ती रडली नाही. त्या पोरींना रडू नका म्हणून इतकं शिकवलेलं असतं की पुढे येतच नाही. तिने फक्त विचारलं, "आईला विचारलं होतंत?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. भांडी घासत होती, घासत राहिली. आठवड्याने माझ्याकडे आली, कोटाखाली काहीतरी घेऊन."

मी बाल्कनीतलं कपाट उघडलं. लोणच्याच्या बरण्यांमागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं. हातभर लाकडी क्रॉस, रंग उडालेला, पण चाकूने कोरलेली अक्षरं बोटाला लागतात. ओतिलिया. ११ फेब्रुवारी – २ मार्च १९६६. दफनभूमीत कुणी बाहेरचा येऊन बघेल या भीतीने सावेताने तो स्वतःच्या हाताने उपटला होता. मला म्हणाली होती, "तू ठेव आउरिका, मला जाळवत नाही." त्यानंतर तिने तो कधी मागितला नाही आणि मी कधी काढला नाही. आम्ही रोज एकमेकींकडे मीठ-साखर मागत राहिलो.

ओतिलियाने तो मांडीवर घेतला. बराच वेळ ती त्याच्या आडव्या लाकडावरून अंगठा फिरवत होती, बीमला खडू लावावा तसा.

"तुमचा राग यायला हवा," ती म्हणाली.

"येऊ दे."

"जिना चढून आले ना, दमले. उद्या येईल."

मी चष्मा शोधला. खणातून कागद काढला आणि कचेरीतल्या वळणाने लिहायला बसले: मी, खाली सही करणारी, अमुक साली अमुक कामावर असताना. दोन्ही पानांचे क्रमांक मला अजून पाठ होते. अक्षर वाचता येण्यासारखं आलं. शेवटी एक ओळ वकिलाला नको असलेली लिहिली: हे मी कुणाच्या जबरदस्तीने केलं नाही, मला तिला टीव्हीवर बघायचं होतं. ओतिलियाने ती वाचली आणि खोडायला सांगितली नाही.

जाताना तिने कात्रणाकडे बोट केलं. "ते राहू द्या भिंतीवर. खेळले तर मीच होते ना?"

"तूच होतीस. डावा खांदा हलला होता तुझा."

"नव्हता हलला!"

"हलला होता. मी काय आज बघतेय?"

शनिवारी प्रार्थना झाली. पाद्रीबुवा गेले, बायका कागदी पेल्यांतून कोलिवा खात रांगेने निघाल्या. ओतिलियाने दोन पेले खाल्ले, एकही दाणा न सोडता. मग फाने छिन्नी आणि हातोडी घेऊन दगडासमोर गुडघ्यांवर बसला.

"आउरिका मावशी, आलाच आहात तर तुमचंही उरकून टाकू? साल कोरून ठेवतो, पुढचं नंतर बघू."

"आणि तू माझ्याआधी गेलास तर पुढचं कोण कोरणार? तुझा जावई? त्याला सरळ रेघ ओढता येत नाही."

तो हसला, मग ओतिलियाकडे वळला. "बोल ताई, साल काय टाकू?"

"दोन आहेत," ती म्हणाली. तिने पिशवीतून तो लाकडी क्रॉस काढून गवतावर ठेवला. फानेने टोपी मागे सारून वाचलं. एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. गावातला माणूस, त्याने काही विचारलं नाही. बोटांनी दगडावरची जागा मोजली.

"बसतील दोन्ही. अक्षर जरा बारीक होईल. कोणती वर घेऊ?"

ओतिलिया माझ्याकडे बघत होती. नोंदी करायचं काम माझंच होतं.

"मोठी आधी," मी म्हटलं. "तिचं दोन्हीकडून पुरं कर. मग हिचं, अडुसष्ट, आणि पुढे मोकळं सोड."

पहिला घाव बसला तेव्हा ओतिलियाने डोळे मिटले. मी जवळच्या थडग्याच्या कठड्यावर टेकले, पाय फार दुखत होते. फानेला त्या दोन्ही ओळी कोरायला संध्याकाळपर्यंत वेळ लागला, आणि आम्ही दोघी तोवर तिथेच बसून राहिलो.