काय काय काढणार?

गणवेश आणि कोट शिवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली मास्तरीण म्हणायची. पुरुष शिंपी तो टेलर मास्तर, मग ही मास्तरीण, इतकं साधं. वय चव्वेचाळीस, हात चपळ, तोंड त्याहून चपळ. पण गेले आठ महिने पाळी आली की दहा-दहा दिवस थांबायचं नाव घेत नव्हती. मशीनपुढच्या स्टुलावर ती प्लॅस्टिक अंथरून बसायची आणि गिऱ्हाईक आलं की उठायचं टाळायची. "कोट तिकडे टांगलाय, तुम्हीच घ्या," असं बसल्या जागेवरून सांगायची. लोकांना वाटलं, मास्तरणीला शिंगं फुटली.

शेवटी एका दुपारी कापड बेतता बेतता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती ताग्यावरच कलंडली. तेव्हा कुठे नवऱ्याने तिला दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडाही तपासायला गेला. सगळे रिपोर्ट आल्यावर डॉक्टर मॅडमनी ते भराभर चाळले.

"कॅन्सर वगैरे काही नाही. गाठी आहेत, चार. रक्त फार कमी झालंय. पिशवी काढून टाकू. मुलं किती?"

"दोन."

"मग प्रश्नच मिटला."

"काय काय काढणार?" मास्तरणीने विचारलं.

"सगळंच काढू. पुन्हा कटकट नको."

"सगळं म्हणजे?"

पण तोवर मॅडमनी घंटी दाबली होती आणि पुढची बाई दारातून आत आली होती. मास्तरीण फाइल छातीशी धरून बाहेर पडली.

"अहो, सगळं म्हणजे काय हो?" तिने रस्त्यात नवऱ्याला विचारलं.

"डॉक्टरांना माहीत असेल ना. आपल्याला काय करायचंय?"

"आपल्याला? पोट माझं आहे!"

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. एवढासा स्क्रू हरवला तर अख्खं दुकान झाडून काढणारा माणूस, पण बायकोच्या पोटातलं काय जाणार याची त्याला चौकशी करावीशी वाटली नाही. तिचं डोकं सणकलं. घरी येऊन तिने धाकट्या जावेला गाठलं. जावेची पिशवी तीन वर्षांपूर्वी काढली होती, तेव्हा ती अडतीस वर्षांची होती.

"तुझं नेमकं काय काय काढलं गं?"

"काय म्हणजे? पिशवी."

"नुसती पिशवी?"

"जे काढायचं ते काढलं असेल, वहिनी. मी थोडीच बघायला गेले होते?" जाऊ हसली, मग जरा थांबून म्हणाली, "तेव्हापासून अंगातून वाफा निघतात एवढंच. रात्र-रात्र झोप नाही. हाडंही कुरकुरतात. वयाचं असेल."

"एक्केचाळिसाव्या वर्षी वयाचं?"

मास्तरणीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

चार दिवसांनी तिच्याकडे एक निवृत्त नर्स कोटाची बाही आखूड करायला आली. तिला सगळे सिस्टरच म्हणत. प्रसूतीच्या वॉर्डात तिची तीस वर्षं गेली होती. मास्तरणीने तिच्या हाताला टेप लावला आणि माप घ्यायचं सोडून एकदम म्हणाली, "सिस्टर, मला सगळं म्हणजे काय ते सांगाल का? नाहीतर मी आता कुणाच्या तरी डोक्यात कात्री घालीन."

सिस्टरने सगळं ऐकून घेतलं. मग बेतायचा खाकी कागद ओढला आणि खडूने एक उलटा पेरू काढला.

"हे गर्भाशय. तुम्ही पिशवी म्हणता ते. मुठीएवढं असतं, जाड मांसाचं. आतून त्याला अस्तर असतं. दर महिन्याला ते वाढतं, मूल राहिलं तर त्याच्या कामी येतं, नाही राहिलं तर गळून पडतं. तीच पाळी. हे खाली गर्भाशयाचं तोंड, आणि हा बाहेर येणारा योनिमार्ग."

"गाठी कुठे?"

"पिशवीच्या भिंतीत. म्हणून अस्तर नीट आवरलं जात नाही, रक्त जास्त जातं." तिने वरून दोन्हीकडे दोन बारीक रेघा ओढल्या आणि टोकांशी दोन बदाम काढले. "या नळ्या. आणि ही अंडाशयं. इथून महिन्याला एक अंडं सुटतं."

"मला आता अंडी काय करायचीत?"

"नुसती अंडीच करत नाहीत ती. तिथूनच हार्मोन्स रक्तात जातात. हाडं, झोप, अंगाची उष्णता, सगळ्यावर त्यांची देखरेख असते. पाळी आपली आपण जाईपर्यंत ती कामावर असतात. चांगली असताना एकदम उपटली, तर..."

"तर वाफा निघतात," मास्तरीण म्हणाली. जावेचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिने हातातला टेप टेबलावर आपटला. "कोटाचं एक बटण काढायचं तरी मी गिऱ्हाइकाला दोनदा विचारते, सिस्टर!"

रक्त वाढायची इंजेक्शनं घेण्यात महिना गेला. मग ती पुन्हा दवाखान्यात गेली, या वेळी खाकी कागदाची घडी घेऊन. मॅडमनी सहीचा फॉर्म पुढे सरकवला. मास्तरणीने तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

"अहो, बाहेर वीस पेशंट आहेत."

"असू देत. यात दोन्ही अंडाशयं काढणार असं लिहिलंय. माझ्या रिपोर्टात ती ठीक आहेत असं लिहिलंय. मग का?"

"पुढे त्रास होऊ शकतो म्हणून. कॅन्सरसुद्धा."

"माझ्या घराण्यात कुणाला तसला आजार नाही. आणि काढल्यावर त्रास होत नाही?"

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"तुम्ही नाही शिकवलं, एवढं खरं."

नवरा छताकडे बघत राहिला. मग मॅडमनी पेन घेऊन ती ओळ खोडली, बाजूला सही केली आणि रुक्ष आवाजात म्हणाल्या, "ठेवू. पण आत काही वेगळं दिसलं तर काढावी लागतील."

"दिसलं तर काढा. आणि मला सांगा."

ऑपरेशन नीट पार पडलं. पिशवी आणि नळ्या गेल्या, अंडाशयं राहिली. दुसऱ्या सकाळी शुद्धीवर नीट आल्यावर तिने आधी फाइल मागून घेतली आणि ते स्वतः वाचलं. टाके ठणकत होते, घसा कोरडा पडला होता, पण डोकं ठिकाणावर होतं.

शेजारच्या खाटेवर एक तरुण बाई होती, पस्तिशीची असेल नसेल. तिचंही कालच झालं होतं.

"तुमचं काय काय काढलं हो?" मास्तरणीने विचारलं.

"पिशवी."

"आणि अंडाशयं?"

"ती कुठली?" बाईने विचारलं. मग ती कूस बदलत पुटपुटली, "जाऊ द्या ना ताई. झालं ते झालं."

मास्तरणीला उठून तिची फाइल बघायची होती. ती कोपरावर जरा उचलली गेली, टाक्यांतून कळ आली आणि ती धप्पकन उशीवर पडली.

"जाऊ कसं द्या?" छताकडे बघत ती ओरडली. "नर्सबाई! अहो नर्सबाई! या बाईंची फाइल आणा इकडे!"

वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरून माना वळल्या. नर्स मात्र आली नाही.