काठातला पूल

सीमेवर तोफा सुरू होऊन चार दिवस झाले होते. कडोदऱ्याच्या साडी कारखान्यात देशभक्ती भरपूर होती, फक्त गुप्तहेर सापडत नव्हता. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो वॉचमन सुकलालला सापडला. हर्षदा, वय बावीस, राहणार डिंडोली, काम कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं.

पुरावा म्हणजे तिची वही. चौकटीच्या कागदावर काळे चौकोन भरून काढलेला तापीवरचा जुना पूल आणि खाली ओळ : ‘नकाशा काठात. कुसुम साडी नेसून निघेल. पकडली गेली, तर आम्ही तिला ओळखत नाही.’

गुजराती फौजदार आले. मालकांनी पंखा त्यांच्याकडे वळवला.

“आ कुसुम कोण छे?”

“माझ्या कादंबरीतली, साहेब. बेचाळीस सालची. भूमिगतांसाठी हेरगिरी करते.”

“राहते कुठे?”

“कुठेच नाही. मी बनवलीय.”

“कशासाठी बनवली?”

याचं उत्तर भल्याभल्या लेखकांना देता येत नाही. हर्षदा ओढणीचं टोक पिळत बसली. फौजदारांनी तेही लिहून घेतलं.

“साहेब, रविवारी ही नदीवर बसते,” सुकलाल म्हणाला. “खांब मोजते.”

खोटं नव्हतं. कादंबरी अस्सल व्हावी म्हणून तिने तीन रविवार घालवले होते.

“यंत्रावर चढवा,” फौजदार म्हणाले. “नकाशा निघाला, तर पोरगी गाडीत.”

नकाशा निघणारच होता. यंत्रावर तिचे वडील होते, दगा. तीस वर्षांत कुणाचं डिझाइन त्यांच्या हातून बिघडलं नव्हतं.

“अप्पा, चार धागे तोडा ना,” ती पुटपुटली.

दगांनी असं पाहिलं, जणू पोरीने चोरी करायला सांगितली. वहीतले चौकोन कॉम्प्युटरवर भरून घेतलेला पेनड्राइव्ह लावला आणि बटण दाबलं.

एक खांब आला. दुसरा आला. कमानी, कठडा, सगळं. फौजदार उठले. “गाडी लगाव.”

“थांबा साहेब,” दगा म्हणाले. “अजून येतोय.”

चार बोटांवर दुसरा पूल आला. मग तिसरा. हातभर कापडात पाच. यंत्र काही थांबेना.

“आमां साचो कयो? यातला खरा कुठला?”

“काठ आहे साहेब. साडीभर हाच येणार.”

फौजदारांनी अकरापर्यंत मोजले. मग वही हर्षदाला परत दिली आणि मालकांना हळूच विचारलं, जांभळ्यात मिळेल का?

घरी जाताना रिक्षात हर्षदा रडायला लागली.

“आता काय? सुटनी ना तू?”

“मी सुटले, अप्पा. कुसुम मेली! काठात पूल साडीभर येतो, मग तिच्या माणसांना तरी कळेल का, कुठला पूल ते?”

दगांनी तिच्या हातातली वही उघडून पुलावर बोट ठेवलं.

“पदरमा टाक. पदर एकदाच येस.”

हर्षदाचे डोळे मोठे झाले. “मग तिथे का नाही बोललात?”

“फौजदारनी इचारं नही.”